गाठ हाताला लागते तेव्हा

भारतात स्तनाच्या कर्करोगाच्या बहुतांश गाठी पहिल्यांदा यंत्राला दिसत नाहीत आणि डॉक्टरांनाही सापडत नाहीत. अंघोळ करताना, कपडे बदलताना किंवा मुलाला पाजताना त्या ज्या स्त्रीच्या शरीरात असतात तिच्याच हाताला लागतात. ब्रिटनमध्ये १९८८ पासून पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांना दर तीन वर्षांनी मॅमोग्राफीसाठी, म्हणजे स्तनाच्या खास क्ष-किरण तपासणीसाठी, सरकारी आरोग्यसेवेचे बोलावणे जाते. भारताच्या लोकसंख्येला पुरेल अशी व्यवस्था येथे नाही आणि नजीकच्या काळात ती उभी राहण्याची चिन्हेही नाहीत. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आढळले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. मृत्यू पावलेल्या आणि त्याच वर्षी निदान झालेल्या स्त्रिया अर्थातच एक नव्हेत. तरीही हे प्रमाण जड आहे, आणि त्यामागे रोग उशिरा उघडकीस येणे व उपचार अर्धवट राहणे ही दोन मोठी कारणे आहेत.

अशा परिस्थितीत स्त्रियांना स्वतःची तपासणी शिकवावी, म्हणजे गाठ लवकर सापडेल आणि जीव वाचतील, हा विचार इतका सरळ वाटतो की त्याला पुराव्याची गरज असेल असे कोणाला वाटत नाही. ऑक्टोबर महिन्यात गावोगावी होणाऱ्या जनजागृती शिबिरांत हाच सल्ला दिला जातो. प्रत्यक्षात मात्र याच प्रश्नावर जगातील एक प्रचंड अभ्यास झालेला आहे आणि त्याचे उत्तर अपेक्षेच्या उलट आले आहे, ही गोष्ट शिबिरांत सहसा सांगितली जात नाही. ती सांगणे आवश्यक आहे, कारण स्वयंतपासणीकडून काय मिळते आणि काय मिळत नाही हे त्याशिवाय कळत नाही.

स्वयंतपासणीचा प्रचार मुख्यतः अमेरिकेतून सुरू झाला. तेथील अमेरिकन कॅन्सर सोसायटी आणि राष्ट्रीय कर्करोग संस्था यांनी १९५० मध्ये या विषयावर एक शिकवणारा चित्रपट काढला आणि पुढची काही दशके दर महिन्याची तपासणी हे प्रत्येक जागरूक स्त्रीचे कर्तव्य मानले गेले. त्या काळी मॅमोग्राफीचा प्रसार झालेला नव्हता आणि शल्यचिकित्सकांकडे येणाऱ्या गाठी मोठ्या असत, त्यामुळे या सल्ल्यात तथ्य होते. पण त्याने मृत्यू किती टळतात हे कोणी मोजलेले नव्हते. ते मोजण्याचे काम चीनमधील शांघाय शहरात झाले. तेथील कापड गिरण्यांत काम करणाऱ्या २ लाख ६६ हजार ६४ स्त्रियांची १९८९ ते १९९१ या काळात नोंदणी करण्यात आली आणि गिरण्यांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट पाडण्यात आले. एका गटातील स्त्रियांना सिलिकोनच्या नमुन्यांवर बोटांचा सराव देऊन तपासणी शिकवली गेली, पुढे उजळणी झाली, पाच वर्षे ठरावीक काळाने प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली सराव करून घेतला गेला. दुसऱ्या गटाला हे शिक्षण दिले नाही. सुमारे दहा वर्षांनंतरचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा शिकवलेल्या गटात स्तनाच्या कर्करोगाने १३५ आणि न शिकवलेल्या गटात १३१ मृत्यू झाल्याचे आढळले. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच आकाराचे होते. म्हणजे फरक पडला नव्हता. उलट शिकवलेल्या गटात कर्करोग नसलेल्या, निरुपद्रवी गाठी २७६१ सापडल्या, तर दुसऱ्या गटात १५०५. त्या जादा गाठींपायी स्त्रियांना भीती, सुया आणि लहानमोठ्या शस्त्रक्रिया सोसाव्या लागल्या.

या निकालानंतर अमेरिकन कॅन्सर सोसायटीने २००३ मध्ये मासिक स्वयंतपासणी ऐच्छिक ठरवली आणि २०१५ मध्ये तिची शिफारस करणेच थांबवले; अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयीच्या तज्ज्ञगटाने तर २००९ मध्ये ती शिकवू नये असे मत दिले. येथून काही जणांनी असा अर्थ काढला की स्त्रीने स्वतःच्या शरीराकडे लक्ष देण्यातच हशील नाही. हा अर्थ चुकीचा आहे. शांघायच्या अभ्यासाने एका विशिष्ट प्रश्नाचे उत्तर दिले: काटेकोर पद्धत शिकवून ती दरमहा करायला लावल्याने, न शिकवलेल्या स्त्रियांच्या तुलनेत, मृत्यू कमी होतात का? ज्यांना शिकवले नव्हते त्या स्त्रियांनाही गाठी लागतच होत्या, त्यांच्याही लक्षात बदल येतच होते, आणि दोन्ही गटांना उपलब्ध असलेले वैद्यकीय उपचार सारखेच होते. लागलेली गाठ दाखवावी की न दाखवावी, आठवड्यात दाखवावी की वर्षभराने, हा प्रश्न त्या अभ्यासाने तपासलेलाच नव्हता; आणि भारतात खरा घोळ नेमका तेथेच आहे.

शिकवण्याचा परिणाम का दिसला नाही, याचे एक कारण रोगाच्या वाढीत आहे. एक सेंटिमीटर व्यासाच्या गाठीत साधारण शंभर कोटी पेशी असतात आणि तेथवर पोहोचायला तिला बहुधा काही वर्षे लागलेली असतात. हाताला ‘लवकर’ लागलेली गाठ रोगाच्या हिशेबाने तितकीशी लवकर नसते. आक्रमक प्रकारचा कर्करोग तोपर्यंत दूरवर पसरलेलाही असू शकतो, तर मंद वाढणारा कर्करोग सहा महिन्यांनी सापडला तरी बरा होऊ शकतो. त्यामुळे स्वयंतपासणी नियमाने करूनही एखाद्या स्त्रीचा रोग पुढच्या टप्प्यावर सापडला, तर तो तिचा निष्काळजीपणा ठरत नाही. घरातल्या आणि शेजारच्या माणसांनी असा ठपका ठेवण्याची जी सवय आहे तिला शास्त्रात आधार नाही.

मात्र या चित्राची दुसरी बाजू मुंबईत दिसली. टाटा मेमोरिअल रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईतील वीस वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वर्षे वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांपैकी दहा वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, एकूण चार वेळा, स्त्रियांचे स्तन हाताने तपासले आणि रोगाची माहिती दिली. उरलेल्या दहा वस्त्यांत एकदा माहिती देऊन पुढे केवळ नोंदी ठेवल्या. या सेविका डॉक्टर नव्हत्या, हे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. डॉ. इंद्रनील मित्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा तपासणी झालेल्या गटात तिसऱ्या व चौथ्या टप्प्यातील, म्हणजे काखेतील गाठींत किंवा शरीरात बरेच पसरलेल्या, रोगाचे प्रमाण ३७ टक्के आणि दुसऱ्या गटात ४७ टक्के आढळले. एकंदर मृत्युदरात १५ टक्के घट दिसली, पण ती केवळ योगायोगाने आलेली नाही असे संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठामपणे म्हणता आले नाही. पन्नास वर्षांवरील स्त्रियांत मात्र मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले आणि ती घट कसोटीला उतरली. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही. प्रशिक्षित हात, दाखवायची ठरलेली जागा आणि पुढचा उपचार ही साखळी पूर्ण असेल तर महागड्या यंत्राविनाही काही साधते, एवढे या अभ्यासाने दाखवून दिले.

हात प्रशिक्षित करता येतो, ही यातली महत्त्वाची बाब आहे. जर्मनीतील फ्रँक हॉफमन या स्त्रीरोगतज्ज्ञांनी दृष्टिहीन स्त्रियांना स्तनतपासणीचे व्यावसायिक प्रशिक्षण देण्याचा उपक्रम उभा केला, त्यामागे बोटांची जाण सरावाने वाढते हाच विचार होता. सर्वसाधारण स्त्रीला एवढ्या कौशल्याची गरज नाही. तिला आपले स्तन एरवी कसे लागतात आणि कसे दिसतात हे ठाऊक असले, म्हणजे वेगळे काही झाल्यावर ते तिच्या ध्यानात येते. आज बहुतेक तज्ज्ञ ‘स्तनांविषयी सजगता’ या नावाने हेच सुचवतात: दरमहा परीक्षा दिल्यासारखी धाकधूक नको, पण ओळख असावी. ती ओळख करून घेण्याचा चांगला मार्ग पुन्हा तीच जुनी पद्धत आहे, म्हणून ती नीट समजून घेणे उपयोगाचे ठरते.

वेळेची निवड हार्मोन्सवर अवलंबून असते. पाळी येण्यापूर्वीच्या आठवड्यात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन यांच्या प्रभावाने स्तनांत पाणी धरते, ते जड, दुखरे आणि गाठाळ लागतात, आणि त्या दिवसांत तपासणारी स्त्री हमखास घाबरते. पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास ही सूज उतरलेली असते, म्हणून ते दिवस सोयीचे. पाळी गेलेल्या किंवा गर्भाशय काढलेल्या स्त्रीने महिन्यातील कोणतीही एक तारीख धरली तरी चालते. अंगावर पाजणाऱ्या स्त्रीने बाळाला पाजून झाल्यावर, स्तन रिकामे असताना पाहावे.

हाताने तपासताना पाठीवर आडवे होणे चांगले, कारण उभे असताना एकाच ठिकाणी लोंबणारा भाग आडवे झाल्यावर छातीवर पसरतो आणि बोटांना बरगडीपर्यंत पोहोचता येते. उजवा स्तन तपासायचा असेल तर उजव्या खांद्याखाली घडी केलेला टॉवेल ठेवून उजवा हात डोक्यामागे घ्यावा आणि डाव्या हाताची मधली तीन बोटे जुळवून, टोकांनी नव्हे तर पहिल्या पेराच्या मऊ भागाने, लहान नाण्याएवढी वर्तुळे फिरवावीत. प्रत्येक ठिकाणी तीन वेळा, वाढत्या दाबाने: पहिला दाब कातडीच्या लगेच खालचा भाग कळण्यापुरता, दुसरा मधल्या थरापर्यंत, तिसरा बरगडी लागेपर्यंत. काखेच्या बाजूपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत आणि गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीच्या थोडे खालपर्यंत, शेतात नांगराचे तास एकाशेजारी एक पडत जावेत तशा उभ्या पट्ट्यांनी, बोटे न उचलता, सगळा भाग पुरा करावा. वर्तुळाकार फिरण्यापेक्षा उभ्या पट्ट्यांत जागा सुटण्याची शक्यता कमी असते. स्तनाचा वरचा, काखेकडील भाग सावकाश पाहावा, कारण तेथे ग्रंथींचा ऊतक सर्वांत जास्त असतो आणि जवळपास निम्मे कर्करोग त्याच चतुर्थांशात होतात. तो ऊतक काखेत शेपटासारखा वर चढलेला असतो, त्यामुळे काखही त्याच तपासणीचा भाग आहे. काख पाहताना हात ताणून वर धरू नये, थोडा खाली सोडावा, म्हणजे स्नायू सैल पडून खोलवरची गाठ लागते.

पहिल्या एक-दोन वेळी जवळजवळ प्रत्येक स्त्रीला काहीतरी लागतेच. स्तनाच्या खालच्या कडेला घट्ट वळ असतो, तो नैसर्गिक आहे. आत बरगड्या लागतात. काहींचे स्तन मुळातच रवाळ असतात, एक दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, एखादीचे स्तनाग्र वयात आल्यापासून आत वळलेले असते. यांतले काहीही नवे नसेल तर काळजीचे नाही. विशी-तिशीतल्या स्त्रियांत बोटाखालून निसटणारी, गुळगुळीत, रबरासारखी गाठ बहुधा फायब्रोअ‍ॅडेनोमा नावाची निरुपद्रवी गाठ असते, आणि चाळिशीच्या आसपास अचानक टरटरून आलेली गाठ पुष्कळदा पाण्याची पिशवी निघते. कर्करोगाची गाठ नमुनेदार असेल तर टणक, खडबडीत कडांची, एका जागी रुतलेली आणि बिनदुखी असते. तथापि बोटांनी भेद करण्याचे काम स्त्रीचे नाही, आणि अनुभवी डॉक्टरही केवळ स्पर्शावर विसंबून राहत नाहीत. तिने एवढेच ठरवायचे असते: हे नवे आहे का, दुसऱ्या बाजूला तसेच आहे का, आणि पुढची पाळी होऊन गेल्यावरही ते राहिले आहे का. पाळी गेलेल्या स्त्रीने मात्र वाट पाहण्याचे काही कारण नाही; नवी गाठ लागली की दाखवावी.

आरशापुढची पाहणी पुष्कळदा वगळली जाते, वास्तविक गाठ न लागणारा कर्करोग तीतच सापडतो. कमरेपर्यंत उघड्या अंगाने चांगल्या उजेडात उभे राहून आधी हात सैल सोडून, मग दोन्ही हात डोक्यावर नेऊन आणि शेवटी कमरेवर हात दाबून छातीचे स्नायू ताणून पाहावे. स्तनाच्या आत कातडीपासून खोलपर्यंत गेलेले तंतू असतात. गाठीने त्यांना आवळून धरले की हात वर केल्यावर किंवा स्नायू ताणल्यावर नेमक्या त्या जागी कातडी आत ओढली जाऊन खळगी पडते, जी एरवी दिसत नाही. कातडीतील लसवाहिन्या तुंबल्या की ती सुजते, पण केसांच्या मुळांपाशी ती बांधलेली असल्याने तेवढे ठिपके खोल राहतात, आणि कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागते. आधी सरळ असलेले स्तनाग्र आत ओढले जाणे, एकाच स्तनाग्रातून, न दाबता, रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव येणे, स्तनाग्रावर न बरी होणारी खाज-खपली धरणे, ही सगळी दाखवण्याजोगी लक्षणे आहेत. यांतील शेवटचे फसवे असते: पॅजेटचा रोग या नावाने ओळखला जाणारा कर्करोग इसबासारखा दिसतो आणि त्यावर महिनोन्‌महिने मलमे लावली जातात. तसाच एक दाहक प्रकारचा कर्करोग आहे, ज्यात स्पष्ट गाठ नसते, स्तन लालसर, गरम आणि टणक होतो. पाजणाऱ्या स्त्रीत तो दूध साठून झालेल्या गळवासारखा वाटतो. प्रतिजैविकांनी आठवडा-दोन आठवड्यांत उतार पडला नाही, तर हा कर्करोग तर नाही ना, असे डॉक्टरांना स्पष्ट विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे.

हे सगळे लिहिणे सोपे आहे. एका खोलीत पाच-सहा माणसे राहणाऱ्या घरात, जेथे मोरीला पडदा आहे पण दार नाही आणि आरसा भिंतीवर तोंडापुरता, तेथे ‘आरशापुढे उभे राहावे’ या सूचनेला फारसा अर्थ उरत नाही. अशा ठिकाणी अंघोळीच्या वेळी, साबणाच्या ओल्या हाताने केलेली तपासणी हीच शक्य गोष्ट असते, आणि तीही पुरेशी उपयोगी आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये ठरवलेल्या चौकटीत ३० ते ६५ वर्षांच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित कर्मचाऱ्याकडून स्तनतपासणी अपेक्षित आहे, आणि आशा सेविकेने घरोघरी भरायच्या तपासणी-पत्रात स्तनातील गाठ, स्तनाग्रातून रक्तमिश्रित स्राव आणि स्तनाच्या आकारातील बदल यांविषयी थेट प्रश्न आहेत. सासू किंवा नवरा शेजारी बसलेला असताना हे प्रश्न विचारले गेले तर त्यांचे उत्तर बहुधा ‘नाही’ असेच येते, याचा विचार प्रशिक्षणात व्हायला हवा.

दुखत नाही म्हणून अंगावर काढणे हा उशिराचा सर्वांत सामान्य प्रकार आहे, आणि तो अडाणीपणाचा परिणाम नाही: दुखणे म्हणजे आजार ही समजूत रोजच्या पुष्कळ आजारांत बरोबर ठरलेली असते, येथे मात्र ती उलटते. स्तन दुखण्याचे कारण बहुतेक वेळा हार्मोन्स असतात. कर्करोगाची सुरुवातीची गाठ सहसा दुखत नाही. त्यापाठोपाठ सुई टोचली की रोग पसरतो ही भीती येते. तिला आधार नाही, परंतु तिच्यापायी कितीतरी स्त्रिया तपासणी टाळून जडीबुटीच्या लेपांकडे वळतात. आणि तिसरी भीती स्तन गमावण्याची. अमेरिकेतील बर्नार्ड फिशर आणि इटलीतील उंबर्तो व्हेरोनेसी यांच्या अभ्यासांचे वीस वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांनी दाखवले की लहान गाठ असताना तेवढाच भाग काढून किरणोपचार दिले तर जगण्याचे प्रमाण संपूर्ण स्तन काढण्याइतकेच राहते. म्हणजे जी स्त्री स्तन जाईल या भीतीने थांबते, तिच्या बाबतीत थांबण्यामुळेच तो वाचवण्याची शक्यता कमी होत जाते.

गाठ दाखवल्यानंतर तीन तपासण्या होणे अपेक्षित असते: डॉक्टरांनी हाताने तपासणे, मॅमोग्राफी किंवा सोनोग्राफी, ज्यात तरुण स्त्रियांचे स्तन दाट असल्याने आधी सोनोग्राफी उपयोगी पडते, आणि जाड सुईने गाठीतील तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ज्याला बायोप्सी म्हणतात. हाताला स्पष्ट लागणारी गाठ मॅमोग्राफीत दिसली नाही म्हणून ती नसते असे होत नाही; काही कर्करोग चित्रात उमटत नाहीत, आणि अशा वेळी बायोप्सीचा आग्रह धरणे योग्य असते. गाठ आधी काढून टाकू आणि मग तपासायला पाठवू, हा सल्ला लहान रुग्णालयांत अजूनही दिला जातो. कर्करोग निघाल्यास त्या अर्धवट शस्त्रक्रियेने पुढचे नियोजन अवघड होते, म्हणून निदान सुईने आणि शस्त्रक्रिया नंतर हा क्रम पाळावा. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुरू केलेल्या स्तनकर्करोग उपक्रमात, स्त्री पहिल्यांदा दवाखान्यात आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावे असे उद्दिष्ट ठेवले आहे. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि किरणोपचार यांचा समावेश असल्याने, गाठ दाखवण्याच्या वेळीच योजनेची कागदपत्रे जमवायला घेतली तर निदानानंतरचे काही आठवडे वाचतात. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात जपून ठेवलेला असतो आणि त्याच तुकड्यावर हार्मोन व हर-टू या घटकांच्या चाचण्या करून औषधे ठरवली जातात. त्यामुळे उपचारासाठी दुसऱ्या शहरात जायचे असेल तर अहवालाबरोबर तो ठोकळा आणि काचपट्ट्याही प्रयोगशाळेकडून मागून घ्याव्यात.